दुर्वासाच्या शापाशिवाय: दुसऱ्या संधीच्या कथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा निवडायचं काम मी काही वर्षं करते आहे. पावसाळा सुरू झाला की कथा यायला लागतात, आणि त्यात एका प्रकारची कथा हमखास असते. वीस-पंचवीस वर्षांनी दोघं भेटतात, काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं, आणि समोरचा चहा गार होतो. मला या कथा मनापासून आवडतात. त्यामुळेच त्यातल्या बऱ्याचशा परत पाठवताना जीव तुटतो. लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दुसऱ्या संधीची कथा म्हणजे नेमकी कोणती?

एक नातं तुटलेलं किंवा सुटलेलं असतं. मध्ये बराच काळ जातो. मग ती माणसं, किंवा त्यांतलं एक, त्या नात्यापाशी पुन्हा येतं. नातं नवरा-बायकोचंच असायला हवं असं नाही. दोन बहिणी, बाप-लेक, एकेकाळचे जिवलग मित्र, कुणीही चालेल. मात्र मधला काळ पानावर जाणवायला हवा. 'वीस वर्षं लोटली' एवढं लिहिल्यानं वीस वर्षं लोटत नाहीत.

हा प्रकार इंग्रजीतून आपल्याकडे आला ना?

नाही, आणि हा प्रश्न आला की मला शाकुंतलापासून सुरुवात करावीशी वाटते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. ते कालिदासाच्या नाटकाचं मराठी रूप. त्याचा गाभा काय, तर नाकारलेली बायको, उशिरा झालेला पश्चात्ताप आणि पुनर्भेट. म्हणजे आपल्या संगीत रंगभूमीच्या उंबरठ्यावरच ही कथा उभी आहे.

पण त्याच्याही मागे जा. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात येते, तेव्हा त्याला सगळं आठवत असतं. आठवत असूनही तो भर सभेत म्हणतो की मी तुला ओळखत नाही. ती गप्प बसत नाही, त्याला खडे बोल सुनावते. शेवटी आकाशवाणी होते, आणि मग तो सांगतो की लोकांनी मुलाबद्दल शंका घेऊ नये म्हणून मी असं वागलो. कालिदासानं या गोष्टीत दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. आता दुष्यंत खोटं बोलत नाही, तो खरोखरच विसरलेला आहे. कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते, राजाला आठवण येते आणि सहावा अंकभर तो तळमळतो. सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात आधी मुलगा भेटतो, मग शकुंतला.

नाटक अजोड आहे. पण शापानं काय केलं ते पाहा. अपराध दुष्यंताच्या अंगावरून उचलला आणि एका रागीट ऋषीच्या खात्यावर टाकला. आजची कथा हा शाप काढून घेते, आणि माझ्या लेखी आजच्या कथेचं वेगळेपण एवढंच आहे. विसरलो नव्हतो, मला आठवत होतं, तरी मी तसं वागलो, असं म्हणणारा माणूस तिच्या मध्यभागी असतो. एका अर्थी ती कालिदासाला ओलांडून पुन्हा व्यासांकडे जाते.

म्हणून कथा वाचताना मी पहिल्यांदा दुर्वास शोधते. बहुतेक वेळा सापडतोच. गैरसमज करून देणारी मैत्रीण, पोचलंच नाही असं पत्र, दुष्ट सासू, ऐन वेळी आलेला हृदयविकाराचा झटका. 'त्या दिवशी पत्र मिळालं असतं तर' असं म्हटलं की दोघंही निर्दोष सुटतात आणि कथेत उरते ती फक्त हळहळ.

हळहळ काय, खंत काय, पश्चात्ताप काय, सगळं एकच नाही का?

अजिबात नाही. मराठीनं इथे इतकी बारीक वाटणी करून ठेवली आहे की कथा लिहिण्याआधी शब्द निवडला तरी निम्मं काम होतं.

हळहळ वाटते तेव्हा आपला हात त्यात नसतो. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं की आपण हळहळतो. चुटपुट लहान गोष्टीची लागते, करता आली असती अशा. मामा गावाला आला होता, अर्धा तास काढून भेटून आलो असतो, आणि पुढच्याच महिन्यात तो गेला. रुखरुख चुटपुटीपेक्षा जास्त काळ राहते. सगळं ठीक चाललेलं असतं, पण आत काहीतरी कुरकुरत असतं, आणि कशामुळे ते नीट सांगताही येत नाही. खंत सांगता येते. माणूस निवृत्तीच्या भाषणात, चारचौघांत, 'एक खंत आहे' असं म्हणू शकतो. सल बोलून दाखवला जात नाही. शिवाय सल हा बरेचदा दुसऱ्यानं दिलेला असतो. आणि पश्चात्तापाला कर्ता लागतो, तो कर्ता मीच असतो. (शब्दात दोन त आहेत, 'पश्चात्' आणि 'ताप'. आलेल्या कथांमध्ये एक त निम्म्या वेळा गळलेला असतो, आणि मी तो दर वेळी घालते.)

रुखरुखीची कथा संथ असावी लागते, तिच्यात मोठा प्रसंग घातला तर ती मोडते. सलाच्या कथेत बोलायचं कुणी, हा प्रश्न असतो, कारण ज्याला सल आहे तो बोलणार नाही. पश्चात्तापाच्या कथेत मात्र कुठेतरी एक वाक्य उच्चारावं लागतं: मी हे केलं. नुसतं 'माझं चुकलं' म्हणून भागत नाही. काय चुकलं, कोणत्या दिवशी, तेव्हा तू कुठे उभी होतीस, हे सांगावं लागतं. मोघम माफी वाचकाला लगेच कळते, समोरच्या पात्राला तर त्याहून लवकर.

जपानी कॅफेची कादंबरी इतकी का वाचली जाते?

तोशिकाझु कावागुची हे मुळात नाटककार, आणि ही गोष्टही आधी नाटक होती. कादंबरी जपानीत २०१५ साली आली, इंग्रजीत तिचं नाव 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड'. तळघरातलं एक छोटं कॅफे आणि त्यातली एक खुर्ची. तिच्यावर बसून भूतकाळात जाता येतं, पण नियम कडक आहेत. खुर्चीवरून उठायचं नाही. जे लोक या कॅफेत आले होते त्यांनाच भेटता येईल. कॉफी गार होण्याआधी ती संपवून परतायचं. आणि काहीही केलंत तरी वर्तमान बदलणार नाही.

मग जायचं कशाला, असं वाचक विचारतात. पुस्तकाचा जीव नेमका तिथे आहे. त्यातली एक परिचारिका बघा. तिच्या नवऱ्याला अल्झायमर झाला आहे आणि तो तिला ओळखेनासा झाला आहे. त्यानं लिहिलेलं, पण कधीच न दिलेलं एक पत्र घ्यायला ती मागे जाते. परत येते तेव्हा आजार तसाच असतो. पण तोवर ती त्याच्याशी परिचारिकेसारखी वागत होती, आता बायको म्हणून वागायचं ठरवते. घडलेलं तसंच राहिलं आणि बाई बदलली. वाचकाला हे पटतं, कारण त्याच्याही हातात एवढंच असतं.

'द मिडनाइट लायब्ररी' त्याच जातीची आहे का?

जवळची आहे. मॅट हेग यांची ही कादंबरी २०२० ची. जगण्याला कंटाळलेली नोरा जीवन-मरणाच्या मधल्या एका ग्रंथालयात पोचते आणि तिथलं प्रत्येक पुस्तक म्हणजे तिनं न जगलेलं एक आयुष्य असतं. कावागुचींची पात्रं दुसऱ्या माणसाकडे परत जातात, नोरा मुख्यतः स्वतःच्याच निर्णयांकडे जाते. मला पहिली वाट जास्त जवळची वाटते. सुरुवातीलाच आत्महत्येचा विषय आहे, तेव्हा कुणाच्या हातात हे पुस्तक देताना तेवढं सांगून द्यावं.

पुन्हा भेटल्यावर दोघं एकत्र आलीच पाहिजेत का?

नाही. एकत्र न येण्याचं या प्रकारातलं माझ्या मते सर्वांत थोर उदाहरण म्हणजे काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे', १९८९ ची. स्टीव्हन्स हा एका मोठ्या इंग्लिश हवेलीचा बटलर. १९५६ साली तो मालकाची मोटार घेऊन, पूर्वी तिथेच काम करणाऱ्या मिस केंटनला भेटायला निघतो. तिच्या पत्रावरून त्याचा समज झालेला असतो की तिचा संसार मोडला आहे आणि तिला पुन्हा कामावर यायचं आहे. स्वतःलाही तो हेच कारण सांगतो, हवेलीत माणसं कमी आहेत. शेवटी पावसात, बसथांब्यावर ती सांगते की तुमच्याबरोबर कसं आयुष्य झालं असतं याचा विचार मी कधी कधी करते. तिला आता नातवंड होणार आहे, ती नवऱ्याकडे परत जाणार आहे. स्टीव्हन्स वाचकाला सांगतो की त्या क्षणी माझं काळीज फाटत होतं. तिला मात्र तो शुभेच्छा देतो आणि बस येते.

इथे शाप नाही, दुष्ट सासू नाही, हरवलेलं पत्रही नाही. एक माणूस कर्तव्याच्या आड लपला आणि आयुष्य निघून गेलं. ही कादंबरी मी चार-पाच वेळा वाचली असेल. बसथांब्याच्या पानापाशी दर वेळी पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

जुनी गोष्ट सांगणाऱ्या निवेदकावर विश्वास ठेवावा का?

जरा जपूनच. ज्युलियन बार्न्स यांच्या 'द सेन्स ऑफ अॅन एन्डिंग'ला २०११ चं बुकर मिळालं. तिच्यातला टोनी साठी उलटलेला, सरळमार्गी, थोडा कंटाळवाणा गृहस्थ आहे. तरुणपणी आपल्या मैत्रिणीनं आपल्याच मित्राशी नातं जोडल्यावर आपण त्या दोघांना एक पत्र धाडलं होतं, एवढं त्याला आठवतं. चाळीस वर्षांनी तेच पत्र त्याच्या हातात येतं, तेव्हा ते विषारी निघतं. आपण असं लिहिलं होतं हे त्याच्या स्मरणातून पुसलं गेलेलं असतं. (पुढचं सांगत नाही, वाचाच.)

आपल्या लेखकांसाठी यात मोठी शिदोरी आहे. दुर्वास बाहेरून यायला लागत नाही, स्वतःची आठवणच ते काम करते. तिनं टोनीला चाळीस वर्षं शांत झोपू दिलं. तुमची कथा प्रथमपुरुषी असेल तर एकदा दुसऱ्या पात्राच्या बाजूनं तोच प्रसंग लिहून पाहा. छापायचा नाही, फक्त स्वतःसाठी.

इतक्या वर्षांनी भेटल्यावर 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो मराठीत लिहिणाऱ्यालाच पडतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे पहिल्याच वाक्यात पात्रानं भूमिका घेतलेली असते. कॉलेजात 'अरे-तुरे' करणारी मुलगी पंचवीस वर्षांनी लग्नाच्या हॉलमध्ये 'कसे आहात?' म्हणते, तेव्हा बाजूला तिचा नवरा उभा आहे हे वेगळं लिहायची गरज नसते. तो उत्तरात 'मी बरा, तू कशी आहेस?' म्हणाला तर तो धीट तरी आहे किंवा बेसावध तरी. आणि बोलता बोलता, नवरा पानसुपारीकडे वळला असताना, तिच्याच तोंडून 'तू' निसटलं, की तिथे कथेचा कळस आहे. त्यानंतर एकही ओळ घालू नका.

नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई विभक्त झाल्यावर त्याला काय म्हणते, याचाही विचार करा. नाव तिनं कधी घेतलेलंच नसतं. मुलांशी बोलताना 'तुझे बाबा' म्हणून भागतं, पण समोरासमोर? मला एका हस्तलिखितात अशी बाई भेटली होती जी पूर्ण भेटीत त्याला कोणतंच संबोधन वापरत नाही. लेखिकेनं ते मुद्दाम केलं होतं आणि कुठेही बोलून दाखवलं नव्हतं. ती कथा आम्ही घेतली.

नावाचंही तसंच. आपल्याकडे अनेक घरांत लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. त्यामुळे पन्नाशीच्या वैशालीला कुणी मागून 'सुमे' अशी हाक मारली, तर ती हाक तीस वर्षांपलीकडून आलेली असते. हे नाव माहीत असणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत, हे तिला ठाऊक असतं. यासाठी जादूची खुर्ची लागत नाही.

भेट कुठे घडवावी?

जिथून दोघांनाही चटकन उठून जाता येणार नाही अशी जागा बघा. रेल्वेची वेटिंग रूम, घाटात बंद पडलेली एसटी, हॉस्पिटलचा व्हरांडा. क्षितिज पटवर्धन यांच्या 'दोन स्पेशल' या नाटकात वर्तमानपत्राच्या कचेरीतली रात्रपाळी आहे: अंक वेळेत सोडायचा आहे आणि समोर जुनं माणूस बसलं आहे. काम थांबवता येत नाही, म्हणून बोलणं तुकड्यातुकड्यांनी होतं, आणि खऱ्या आयुष्यातही असंच होतं. दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर सध्या फार येतं. वाईट नाही, फक्त तिथे माणसं खूप असतात.

मोबाइलच्या काळात माणसं हरवतात तरी का?

हरवत नाहीत, पण अंतर पडतंच. नंबर असतो, डीपी दिसतो, वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र टाकलं जातं, आणि तरी दोघं बोलत नाहीत. पूर्वी 'पत्ताच नव्हता' ही सबब चालायची. आता ती गेली, त्यामुळे न बोलणं हा रोजचा निर्णय झाला आहे. लिहिणाऱ्याला यातून जास्त मिळतं, कमी नाही.

कथेतल्या जोडप्याचा घटस्फोट झाला आहे. ते पुन्हा एकत्र आले तर कायद्याचं काय?

इथे बऱ्याच कथा चुकतात. हिंदू विवाह कायद्याखाली हुकूमनामा झाला की लग्न संपलं. पुढे दोघं एका घरात राहायला लागली म्हणून ते जिवंत होत नाही. पुन्हा नवरा-बायको व्हायचं असेल तर पुन्हा लग्न करावं लागतं.

पण कथाकारासाठी खरी जागा त्याच्या आधी आहे. परस्पर संमतीचा घटस्फोट, ज्याला लोक 'म्युच्युअल' म्हणतात, तो या कायद्यात १९७६ मध्ये आला, कलम १३ ब. आधी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबायचं आणि मग दोघांनी कोर्टात येऊन पुन्हा तेच सांगायचं. सहा महिन्यांची ही अट योग्य प्रकरणात माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

म्हणजे कायद्यानंच मध्ये एक रिकामी जागा ठेवली आहे. सहा महिने. गॅसचं कार्ड कुणाच्या नावावर, मुलीच्या शाळेच्या सभेला कोण जाणार, गणपती कुणाच्या घरी बसणार, हे सगळं त्या सहा महिन्यांत घडतं. या काळावरची कथा माझ्याकडे अजून फारशी आलेली नाही. मी वाट बघते आहे.

शेवटी बाईनं माफ करायलाच हवं का?

नाही. माफी मागणं एकाच्या हातात असतं, स्वीकारणं दुसऱ्याच्या. जिथे मारहाण झालेली आहे तिथे 'तो आता बदललाय' एवढ्यावर बाईला परत पाठवणारी कथा मी घेत नाही, भाषा कितीही सुंदर असली तरी.

याला जोडूनच तडजोडीचा प्रश्न येतो. त्याबद्दल माझ्या आत्याचं सांगते. ती एकोणीस वर्षं वेगळी राहिली, शिवणकाम करून. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं नवऱ्याच्या घरी जायचं ठरवलं. तो आजारी नव्हता आणि त्यानं गळही घातली नव्हती. त्याआधी तो दोन वर्षं दर महिन्याला यायचा, अंगणात बसायचा, एकदा त्यानं तिचे दागिने कुणाला आणि कशासाठी विकले ते सगळं स्वतःहून सांगितलं होतं. जाताना तिनं शिलाई मशीन आणि स्वतःचं चहाचं पातेलं नेलं. 'परत गेलीस ना शेवटी,' असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती म्हणाली, "परत नाही गेले. राहायला गेले."

ही गोष्ट मला अजून लिहिता आलेली नाही. मशीनपाशी येऊन थांबते.

शेवट जमत नाही. काय करू?

जेन ऑस्टिननं काय केलं ते बघा. 'पर्सुएशन' ही तिची शेवटची पूर्ण झालेली कादंबरी, तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. अॅन एलियटनं लोकांचं ऐकून वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. आठ वर्षांनी तो पुन्हा समोर येतो. ऑस्टिननं आधी एक शेवट लिहिला होता. त्यात अॅनचं दुसरीकडे जमल्याचं ऐकून एक वडीलधारा माणूस वेंटवर्थला तिच्याकडे चौकशीला पाठवतो, खोलीत दोघंच असतात, खुलासा होतो आणि गोडीगुलाबीनं सगळं जुळतं. पुन्हा एकदा तिसऱ्याच्या मध्यस्थीनं.

तिला ते पटलं नाही. तिनं ते प्रकरण बाजूला ठेवलं आणि नव्यानं लिहिलं. आता अॅन दुसऱ्याच एका माणसाशी बोलते आहे, आशा संपल्यावरही कोण जास्त काळ प्रेम करत राहतं यावर. वेंटवर्थ त्याच खोलीत मेजाशी बसून लिहितो आहे आणि त्याच्या कानावर ते पडतं आहे. तो तिथेच एक पत्र लिहितो आणि ठेवून जातो. आठ वर्षांपूर्वी जी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून गप्प बसली, ती या वेळी स्वतः बोलली, आणि तिचं बोलणं ऐकून तो लिहायला बसला.

टाकून दिलेल्या त्या पहिल्या शेवटाची हस्तलिखित पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांपैकी तिच्या हातची तेवढीच पानं उरली आहेत, आणि ती खोडाखोडीनं भरलेली आहेत.